टॉवरवाली, पुलवाली

“मामा, आता तरी विका,” शेअरदलाल खटावकर म्हणाला आणि त्यानं कॉम्प्युटरचा पडदा आमच्याकडं फिरवला. डॉक्टर नातेवाइकांना एक्स-रे दाखवतो तसा.

पडदा सगळा लाल. मिरच्या वाळत घातलेलं अंगणच जणू.

“टॉवरवाली किती?” मामांनी विचारलं.

खटावकरनं आकडा सांगितला.

“आणि पुलवाली?”

त्यानं तोही सांगितला. मामांनी टोपी काढली, आतून बघितली, परत घातली.

“बसल्यात,” ते मला म्हणाले. “दमल्यात बिचाऱ्या. उठतील.”

“मामा, त्या बसल्या नाहीत, झोपल्यात,” खटावकर म्हणाला. “आणि एक तर उठेल असं मला वाटत नाही.”

मामा म्हणजे माझे सासरे, सोपानराव. बार्शी नगरपालिकेत बांधकाम परवान्यांच्या टेबलावर त्यांनी जन्म काढला. रिटायर झाले आणि सहा महिने भिंतीकडं तोंड करून पडून राहिले. जेवायला उठवावं लागायचं. मग एका सकाळी पेपर वाचता वाचता उठून बसले आणि मला हळूच म्हणाले, “सूनबाई, मी इतके बिल्डर बघितले. सायकलवर यायचे, पुढं जीपमधून यायचे. एक तरी गरीब होऊन मेलेला सांग.”

मला एकही सांगता येईना. तिथूनच सगळं सुरू झालं.

मामांच्या पेन्शनीतून शेअर घेता येईनात, कारण पेन्शन आत्याबाईंच्या पदराच्या गाठीत राहायची. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. सारिकाच्या, माझ्या नणंदेच्या, लग्नाचे पैसे त्यांनी स्वतःच्या नावावर बँकेत ठेवले होते. त्याला देवसुद्धा हात लावू शकला नसता. उरल्या माझ्या पाटल्या. घराण्याच्या. आत्याबाईंच्या सासूनं आत्याबाईंना दिलेल्या, आत्याबाईंनी मला. एका पाटलीला कडेला बारीक खळगा. हापशाचा दांडा लागून पडलेला, असं म्हणायचे.

“दुप्पट झाले की तशाच्या तशा करून आणू,” मामा म्हणाले. “कुणाला कळायचं नाही.”

मी हो म्हणाले. माझा नवरा श्रीकांत साखर कारखान्यात लॅबमध्ये; हंगामात तो घरी यायचा ते झोपायला. घरात माझ्याशी कुणी कट करतंय याचंच मला इतकं अप्रूप, की त्यांनी दरोडा घालू म्हटलं असतं तरी मी पिशवी घेऊन निघाले असते.

विकायला कुठं जायचं? मी म्हटलं, लातूरला जाऊ, तिथं कुणी ओळखत नाही. मामांनी मला वेड्यात काढलं. “लातूरचा सराफ घट धरणार, वजनातून कापणार. वेदपाठकानं स्वतः घडवलेलं सोनं तो पूर्ण वजनानं घेतो. घरचा सराफ सोडून तिकडं नुकसान करून घ्यायचं?” चोरी करायची, पण तोट्यात करायची नाही, हा आमच्या घराचा नियम. वेदपाठक सराफानं तराजूला हात लावून शपथ घेतली, की ही गोष्ट दुकानाबाहेर जाणार नाही. आत्याबाईंना सांगितलं, पाटल्या बँकेच्या लॉकरमध्ये ठेवल्यात. चोऱ्या वाढल्यात ना.

ही गोष्ट दोन हजार सातच्या दिवाळीची. घेतलेल्या दोन कंपन्यांना मामांनी नावं ठेवली, म्हणजे घरात उघड बोलता येईल. मुंबईत उंच इमारती बांधणारी ती टॉवरवाली. रस्ते आणि पूल बांधणारी ती पुलवाली. पहिले दोन महिने दोघी अशा चढल्या, की मामा चालताना शिट्टी वाजवायचे. मग जानेवारीत पाय घसरला आणि त्या जिन्यावरून खालीच येत राहिल्या.

जेवताना मामा विचारायचे, “सूनबाई, पुलवाली कशी आहे?”

“आजपण बसली, मामा.”

“कोण बसली?” आत्याबाई भाकरी थापता थापता विचारायच्या.

“म्हैस,” मामा सांगायचे. “पांडू गवळ्याची.”

“आणि टॉवरवाली?”

“तीपण म्हैसच. मोबाईलच्या टॉवरखाली बांधतो तिला.”

आत्याबाई तव्यावरची भाकरी उलटायच्या. मी मान खाली घालून ताटातलं पिठलं चिवडायची. आईकडून मला ओव्यांची खोड लागलेली. भांडी घासताना मनात जुळायचं:

पहिली माझी ओवी, टॉवरवाल्या बयेला,
चढायची लई घाई, उतरायची लाज नाही तिला.

मामांना ऐकवली तर ते इतके हसले, की ठसका लागला. “दुसरी पुलवालीवर कर,” म्हणाले. पण तोवर वर्ष उलटलं होतं, सारिकाचं लग्न फाल्गुनात ठरलं होतं, आणि मला दुसरी ओवी सुचत नव्हती.

कारण होता चुडा. लग्नाच्या आदल्या दिवशी कासारीण घरी येऊन नवरीचे हात हिरव्या बांगड्यांनी भरते, हे सगळीकडंच. आमच्या घरात आणखी एक रीत. चुड्याच्या पुढं घराण्याच्या पाटल्या चढवायच्या. सुनेनं स्वतःच्या हातातल्या काढायच्या, नणंदेच्या हातात घालायच्या, त्या संध्याकाळपुरत्या. सगळ्या भावकीच्या बायका गोल करून बघत बसतात. आणि त्या पाटल्या चढवते कोण? यमुनाकाकू कासारीण, जिचे हात काचेत आणि धातूत म्हातारे झालेत.

म्हणून त्या दिवशी आम्ही खटावकरच्या समोर बसलो होतो. चुडा चार दिवसांवर आलेला.

“मामा, विकू या,” मी म्हटलं. “जे येईल त्यात पाटल्या करू. हलक्या करू.”

“किती येतील?” मामांनी खटावकरला विचारलं.

खटावकरनं कॅल्क्युलेटर दाबला. “सोनं वर गेलंय मामा, तुमचे शेअर खाली. एक पाटली येईल. तीपण पोकळ.”

“बघ! एका हातात पाटली घालून सारिका चुड्याला बसणार? दुसरा हात पाठीमागं?”

“मग काय करायचं?” माझा आवाज चिरकला. “आत्याबाई मला घराबाहेर काढतील. तुम्हाला काय, तुम्ही नवरा आहात, तुम्हाला काढता येत नाही.”

मामा खुर्चीत पुढं सरकले. “हे बघ पोरी. अर्धं बांधकाम झाल्यावर पैसे संपतात, प्रत्येकाचे संपतात. तेव्हा माणूस काय करतो? गजांना टोप्या घालतो, सिमेंटच्या गोण्यांवर प्लास्टिक टाकतो आणि गप बसतो. अर्धी भिंत पाडून विटा विकायला निघालेला माणूस बघितलायस?”

“बिल्डर पळून गेलेला बघितलाय,” खटावकर म्हणाला.

“तू गप रे. तुझं कमिशन दोन्हीकडनं.” मामा उठले. “विकायचं नाही. चुड्याचं मी बघतो.”

चुड्याचं त्यांनी असं बघितलं, की सोलापूरला जाऊन एक ग्रॅम सोन्याच्या पाटल्या आणल्या. दीडशे रुपयांना जोडी. पिवळ्याजर्द, नवऱ्या मुलासारख्या लाजऱ्या. हातात घेतल्यावर पिसाचं वजन. मी त्यांच्याकडं बघितलं.

“यमुनाकाकूला शंभर रुपये आधीच देतो,” मामा म्हणाले. “ती काय बोलत नाही.”

“शंभर रुपयांत कासारीण गप बसते?”

“मग दीडशे देतो. पाटल्यांइतके.”

त्या मी कपाटातल्या स्टीलच्या डब्यात ठेवल्या आणि आत्याबाईंना सांगितलं, की लॉकरमधून आणल्या. “बरं केलंस,” त्या म्हणाल्या आणि मामांसाठी बिनसाखरेचा चहा घेऊन गेल्या. मामांना साखरेचा आजार. त्या घरात त्यांच्या चहाला गोडी लागू द्यायची नाही हा आत्याबाईंचा कायदा होता. “कडू काढा,” मामा दर वेळी म्हणायचे. “प्या,” आत्याबाई दर वेळी म्हणायच्या.

चुड्याच्या दिवशी अंगणात चटया पडल्या. चुलत सासवा, आत्येसासवा, मावश्या, सगळ्यांचे डोळे तयार. मी डब्यातून पाटल्या काढल्या त्या घाईघाईत, बाहेरून हाका येत असताना, आणि न बघताच हातात सरकवल्या. अंगणात येईपर्यंत माझ्या हाताला काहीतरी कळलं होतं, पण डोक्याला कळायला उशीर झाला. हात जड होता.

वाटलं, भीतीनं.

यमुनाकाकूनं सारिकाच्या हाताला तेल लावलं, बोटं एकत्र दाबून मुठीची कळी केली आणि हिरव्या बांगड्या चढवल्या, एकही न फोडता. मग माझ्याकडं हात केला. “आण गं सूनबाई, घराण्याचं आण.”

मी पाटल्या काढून दिल्या. मामा मांडवाच्या खांबाला टेकून उभे होते. त्यांचा रंग उडालेला.

यमुनाकाकूनं पाटली तळहातावर घेतली. थोडी वर उडवली, झेलली. अंगठ्यानं कड चाचपली. माझं काळीज बांगड्यांच्या पेटीत जाऊन पडलं.

“जुनं सोनं हे,” ती म्हणाली. “आता असलं घडवत नाहीत. हा बघा खळगा, मी नवी सून होऊन आले तेव्हापासून बघते.”

बायकांनी माना डोलावल्या. मामांनी मला डोळा मारला. त्यांना वाटलं दीडशे रुपये कामी आले, आणि काकू पढवल्यापेक्षाही छान बोलली. मी मात्र त्या खळग्याकडं बघत होते. हापशाच्या दांड्यानं पडलेला, बारीक, तांदळाच्या दाण्याएवढा. सोलापूरच्या पाटल्यांना तो कुठून येणार?

सारिकाचं झाल्यावर बाकीच्या बायकांचं सुरू झालं. आत्याबाई पुढं बसल्या, बाही वर सारली. यमुनाकाकूनं त्यांचा हात धरला आणि थांबली. त्यांच्या मनगटावर पाटल्या होत्या. पिवळ्याजर्द. काकूनं त्या वर सरकवायला बोट घातलं, आणि बोट तिथंच राहिलं. मान वर करून तिनं आत्याबाईंकडं बघितलं. आत्याबाईंनी तिच्याकडं. नव्या सुना असल्यापासूनची ओळख होती त्या दोघींची.

मग काकू मोठ्यानं म्हणाली, “नाव घ्या वहिनी. नाव घेतल्याशिवाय शेवटची बांगडी चढवायची नाही मी.”

बायकांनी टाळ्या पिटल्या. आत्याबाई कधी नाव घ्यायच्या नाहीत. स्वतःच्या लग्नात घेतलं असेल तेवढंच. “तसल्या नाटकाला माझ्याकडं वेळ नाही,” म्हणायच्या. त्या दिवशी त्यांनी पदर सावरला, मामांकडं बघितलंसुद्धा नाही आणि म्हणाल्या:

“भाव पडो, बाजार पडो, पडो वरचं आभाळ,
सोडायचं नाही म्हणून धरलंय, सोपानराव नाठाळ!”

मांडव हसून पडला. मामा लाजले आणि मग छाती काढून उभे राहिले. जाता जाता माझ्या कानाशी आले. “बघितलंस? तुझ्या सासूलासुद्धा कळतं. पडला तरी धरून ठेवायचं. खटावकरला ऐकवलं पाहिजे.”

मी स्वयंपाकघरात गेले. आत्याबाई एकट्याच साखरेचा डबा वरच्या फळीवर ठेवत होत्या, मामांच्या हाताला लागणार नाही असा.

“आत्या,” मी म्हटलं आणि त्यांचं मनगट धरलं. पाटली हलकी होती. पिसाची.

“वेदपाठकानं त्याच दिवशी पोराला पाठवलं,” त्या म्हणाल्या, डबा नीट सारत. “म्हणाला, वहिनी, तुमच्या सासूच्या पाटल्या माझ्याकडं आल्यात, वितळवू का ठेवू? मी माझ्या नेऊन दिल्या. वजन कमी भरलं, तर बोरमाळेचे चार मणी टाकले.”

“तुमच्या स्वतःच्या?”

“मग काय शेजारणीच्या?”

“आणि हे... सोळा महिने? तुम्ही काही बोलला नाहीत?”

“पांडू गवळ्याची म्हैस मरून दोन वर्षं झाली, रंजना.” पहिल्यांदाच हसल्या. “काल रात्री तुझ्या डब्यात खऱ्या ठेवल्या, तुझ्या खोट्या मी घातल्या. सासूच्या हाताकडं कोण बघतंय? सुनेच्या बघतात.”

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांना ते आवडलं नाही. त्यांनी माझ्या हातात लाडवांचं ताट दिलं.

“रडायला काय झालं? ऐक. रिटायर झाल्यावर हा माणूस भिंतीकडं तोंड करून निजायचा. मी पाठीवर हात ठेवायची, तर पाठसुद्धा बोलायची नाही. मग एक दिवस तुम्ही दोघं कुजबुजायला लागलात. पेपर आणायला स्वतः जायला लागले. दाढी करायला लागले रोज. शिट्टी मारत होते गं! माझ्या लग्नात मारली नव्हती.” त्यांनी पदरानं हात पुसले. “मी बोलले असते तर ते परत भिंतीकडं वळले असते. मग म्हटलं, जाऊ दे सोनं. त्यांना सांगू नकोस मला कळलंय म्हणून. त्यांची सगळी मजा जाईल.”

“आणि शेअर? विकायला सांगू का त्यांना?”

“विकू द्यायचं नाही. विकले तर उद्या काय विचारतील जेवताना?”

अशी मी दोन्हीकडच्या कटात सामील झाले. पगार कुणाकडूनच नाही.

मामांनी शेअर धरून ठेवले. पुढं बाजार उठला, सगळा गाव उठला, टॉवरवाली नाही उठली. तिच्या मालकांवर खटले झाले, इमारतींचे सांगाडे मुंबईत उभे राहिले, आणि एका पावसाळ्यात खटावकरनं सांगितलं, की आता तिचा भावही लागत नाही. मामांनी तिच्या नावानं एक दिवस चहा घेतला नाही. पुलवाली मात्र हळूहळू, गुडघ्यावर हात ठेवत, उठली. मामा तिला शाबासकी द्यायचे. आणि दर फाल्गुनात मला एकटीला गाठून म्हणायचे, “दीडशे रुपयांच्या पाटल्या, सूनबाई! आख्खा मांडव फसवला आपण!” मी म्हणायची, “हो मामा.”

नऊ वर्षं गेली. एका सकाळी आत्याबाई देवळात गेल्या होत्या, आणि मामांनी मला ओसरीवर बोलावलं. हातात पाकीट.

“पुलवाली विकली,” म्हणाले.

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. “तुम्ही? विकली?”

“सगळी. काल.” पाकीट माझ्या हातात दिलं. “वेदपाठकाकडं जा. तुझ्या आत्याच्या मापाच्या पाटल्या कर. आधी होत्या तशा. बोरमाळेलाही चार मणी कमी आहेत, ते बसवून आण.”

मी त्यांच्याकडं बघत राहिले.

“बघतेस काय? चुड्याच्या दिवशी मला खरंच वाटलं आपण फसवलं. पुढं एका उन्हाळ्यात ही पीठ मळत होती, हाताला घाम आलेला, आणि मनगटावर हिरवा डाग. सोन्यानं हात हिरवा होतो का? मी वेदपाठकाला धरलं. ओकला तो. त्याला काही पोटात ठेवता येत नाही, लातूरलाच जायला हवं होतं.”

“मग इतकी वर्षं बोलला का नाही, मामा?”

“ती बोलली का?” मामांनी टोपी काढली, आतून बघितली. “आणि माझ्याकडं द्यायला काय होतं? पुलवाली बसलेली. नुसतं माहीत आहे म्हणून सांगायचं आणि हात तसाच हिरवा ठेवायचा? ती उठायची वाट बघत होतो. आता तिला सांगू नकोस मी सांगितलं म्हणून. तिची सगळी मजा जाईल.”

मी पाटल्या करून आणल्या. आत्याबाईंच्या आंघोळीच्या वेळी, देवघराच्या कोनाड्यात त्या काढून ठेवायच्या तिथं, जुन्या उचलल्या आणि नव्या ठेवल्या. जुन्यांचा मुलामा पार गेला होता, आत तांबूस पत्रा.

आत्याबाई ओल्या केसांनी आल्या. पाटली उचलली. थांबल्या. हातावर थोडी वर उडवली, झेलली, कासारणीसारखी. माझ्याकडं बघितलं नाही. दोन्ही घातल्या आणि चहा टाकायला गेल्या.

मामा ओसरीवर पेपर वाचत होते, दुसऱ्याच कुणाच्या तरी शेअरचे भाव. आत्याबाईंनी कप त्यांच्यापुढं ठेवला आणि आत गेल्या. मामांनी नेहमीसारखं तोंड वाकडं करून घोट घेतला. मग तोंड सरळ झालं. कपात बघितलं. आणखी एक घोट घेतला, हळू.

“सूनबाई,” त्यांनी मला विचारलं, “चहा कुणी केला?”

“आत्यांनी.”

स्वयंपाकघरात वरच्या फळीवर डब्याचं झाकण लागल्याचा आवाज झाला. मामांनी पेपर बाजूला ठेवला आणि कप दोन्ही हातांनी धरला.

“बाजार वर गेलाय वाटतं,” म्हणाले.